जिवंतपणीचा दहावा

माझ्या दहाव्याला कावळा काही शिवेना, आणि मी समोरच पाटावर बसून ते सगळं बघत होते.

निवळगडच्या घाटावर उन्हं चढत चालली होती. दर्भावर भाताचा पिंड ठेवलेला, वर तीळ, शेजारी पाण्याची लोटी. उंबराच्या फांदीवर एक कावळा बसला होता, चांगला काळाकुळकुळीत. मान वाकडी करून तो पिंडाकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, आणि पुन्हा पिसं साफ करायला लागायचा. मनातल्या मनात मी त्याला अशा शिव्या घातल्या, की राजकन्येच्या तोंडी त्या शोभल्या नसत्या. तोंडानं बोलायची सोयच नव्हती. मेलेलं माणूस बोलत नाही, आणि त्या दिवशी मी मेलेली होते.

आता केस पिकले, पण ती सकाळ अजून जशीच्या तशी आठवते. तुम्हाला आमच्याकडची रीत ठाऊक नसणार, म्हणून आधी ती सांगते.

गडाच्या उत्तरेला खोलवी नावाची दरी आहे. तिच्यातून धुकं वर येतं. आपलं सकाळचं साधं धुकं नव्हे. त्यात सापडलेलं माणूस मरत नाही, पण आपण कोण, कुणाचे, कुठले हे सगळं विसरतं आणि चकवा लागल्यासारखं आत फिरत राहतं. दरीच्या तळाशी देवीचं देऊळ आहे, तिथं एक घंटा टांगलेली आहे. राजघराण्यात जन्मलेल्या माणसानं ती वाजवली की धुकं खाली बसतं आणि पुढची पिढीभर डोकं वर काढत नाही. दुसऱ्या कुणी ओढली तर तिच्यातून आवाजच निघत नाही. का, ते त्या देवीला माहीत!

तर आमच्यातलं कुणी ना कुणी दर पिढीला खाली जायचं. घंटा वाजायची, धुकं बसायचं, पण वाजवणारं माणूस वर आलंय असं कधी झालेलं नव्हतं. बसणारं धुकं त्याला घेऊनच बसायचं. जाणती माणसं सांगायची, धुकं घरच्यांच्या आवाजात हाका मारतं. ज्याची मागं कुणी वाट बघत असेल त्याला ते त्याच आवाजानं भुलवतं. म्हणून जाणाऱ्याचा दहावा आधीच उरकायचा. रडायचं ते रडून घ्यायचं, आणि मग कावळा पिंडाला शिवला की समजायचं, कुणाचा जीव कशात अडकलेला नाही. त्यानंतर जाणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, धुक्यात हरवलेल्या कुणाचंच घ्यायचं नाही. दरीच्या शिवेवर सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं.

आदल्या वर्षी माझा दादा गेला, भैरवराज. आम्ही भैरू म्हणायचो. त्याच्या दहाव्यालाही कावळा शिवला नव्हता. दुपार टळायला लागली तेव्हा आबासाहेबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दर्भाचा कावळा करवून तो पिंडाला लावला आणि म्हणाले, "झालं." दादा गेला. घंटा वाजलीच नाही. धुकं वर सरकत शिवेजवळच्या वाड्यांपर्यंत आलं, माणसं गुरंढोरं घेऊन गडाच्या पायथ्याशी येऊन राहिली, आणि घराण्यात जाण्याजोगी उरले मी. आबासाहेबांचा एक पाय लढाईत गेलेला. दरी उतरणं त्यांना या जन्मी शक्य नव्हतं.

"तू जायचं नाहीस," आबासाहेब मला म्हणाले होते. "मेणा तयार ठेवलाय. मामांकडे जा. समुद्राकाठी धुकं पोचायला पुढचा जन्म उजाडेल. तिथं लग्न कर, सुखानं राहा."

"आणि वाड्या?"

"उठवू. माणसं कुठंही जगतात."

"मग मी पण कुठंही जगेन की! मामांकडेच कशाला?"

"तुंगे, तोंड सांभाळून बोल. एक पोर घालवून बसलोय मी."

"ते पोर अजून आत फिरतंय, आबासाहेब. आणि तुम्ही मला समुद्र दाखवताय?"

त्यांनी रागानं काठी आपटली आणि तोंड फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मला दिसू नये म्हणून. मला दिसलं. तरीही मी हट्ट सोडला नाही. वयच तसं होतं, आणि शिवाय मला खरोखरच वाटत होतं की मी घाबरत नाही.

आईसाहेब कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. दादा गेल्यापासून त्या फार बोलतच नसत. त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे तिला. पण दर्भाचा कावळा चालायचा नाही. खरा कावळा खुशीनं शिवला, तर जाईल. उन्हं माथ्यावर येईस्तोवर नाही शिवला, तर मुकाट मेण्यात बसायचं. बोल, कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. कावळ्यांचं काय, भात दिसला की झडप घालतात, असं मला वाटलं.

आणि आता हा मेला शिवेना.

"पुन्हा एकदा सांगा," उपाध्ये म्हणाले. आमचे राजउपाध्ये, किडकिडीत अंगाचे, घामानं डबडबलेले. "राजकन्येची काहीतरी इच्छा राहिली आहे. ती पुरी करू असं प्रत्येकानं मनापासून सांगा."

माझी दाई ठकूबाई हात जोडून पुढं आली. "ताईसाहेब, तुमचं हरीण मी डोळ्यात तेल घालून सांभाळीन हो! दुसऱ्या कुणाच्या हातचं खाऊ द्यायची नाही."

कावळ्यानं ढुंकून बघितलं नाही. ठकूबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "तुमची ती निळी पैठणी कुणाला देणार नाही. पेटीत जपून ठेवीन." तरी नाहीच.

मी समोर बसलेली, चांगली धडधाकट. कुणी एक शब्द विचारला असता, बाई गं, तुला काय हवंय, तर मी सांगितलं असतं. पण मेलेल्याला विचारायचं नसतं. सगळे माझ्याकडे पाठ करून पिंडाशी बोलत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

आबासाहेब काठी टेकत पुढं आले. "तुंगा, मी दत्तक घेईन. गादी मोकळी राहणार नाही. तू काळजी करू नकोस." त्यांनी काठी घाटाच्या दगडावर रोवली. "तुझ्या नावानं घाट बांधेन. पाणपोई घालेन. दरवर्षी तुझं श्राद्ध करेन, कधी चुकवणार नाही."

कावळा उडाला. घाटावर सगळ्यांच्या माना वर झाल्या. तो पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला आणि काव काव करून पुन्हा गप्प झाला. ठकूबाईनं कपाळावर हात मारला.

माझा राग तेव्हा कुठं गेला कोण जाणे. त्याच्या जागी भीती आली. हरीण सांभाळणार, पैठणी जपणार, दत्तक घेणार, श्राद्ध घालणार. सगळ्यांनी मला उरकून टाकलं होतं. माझ्यावाचून सगळं कसं नीट चालेल ते मला सांगत होते, आणि माझी समजूत घालायची म्हणून सांगत होते, हेच फार वाईट. मला जायचं होतं, त्यात खोट नव्हती. पण मला परतही यायचं होतं. आणि ही गोष्ट त्या घाटावर कुणाच्या तोंडी येत नव्हती.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मेलेल्यानं रडायचंही नसतं. मी मान खाली घातली.

सावली पायाशी आली तसे आबासाहेब म्हणाले, "बास झालं. मेणा आणा." त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका होती, की मला त्यांचा रागही येईना. भोई मेण्याकडे धावले.

"थांबा," आईसाहेब म्हणाल्या.

त्या सकाळपासून सगळ्यांच्या मागं उभ्या होत्या. कुणी त्यांना पुढं या म्हटलं नव्हतं. कावळा त्यांच्यामुळंच अडलाय अशी घाटावर कुजबुज होती, आणि ती त्यांनीही ऐकली असणार. त्या पुढं आल्या, पण पिंडाकडे गेल्या नाहीत. माझ्यासमोर येऊन खाली बसल्या. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"तुंगे," त्या म्हणाल्या, "मी तुझी वाट बघणार आहे."

"आईसाहेब!" उपाध्ये ओरडलेच. "हे असं बोलायचं नसतं!"

"मी बोलणार. तुंगे, तू जा, ती घंटा वाजव आणि सरळ घरी ये. मी शिवेच्या दगडावर उभी राहून तुला हाका मारणार आहे. घसा फाटेस्तोवर मारणार. तुझं पान मांडलेलं राहील. तुझी खोली कुणाला देणार नाही, तुझं श्राद्ध कुणाला घालू देणार नाही. आणि उशीर केलास तर माझ्यासारखी वाईट कुणी नाही, सांगून ठेवते."

डोक्यावर पंखांचा आवाज झाला. कावळा माझ्या खांद्यावरून खाली आला, पिंडात चोच खुपसली, आणि एवढा मोठा घास घेऊन उडून गेला.

ठकूबाईनं देवीला हात जोडले. मग उपाध्ये म्हणाले, "आईसाहेब, अहो, काय केलंत हे! कावळा शिवला, पण शब्द कसला दिलात! मेलेल्याला दिलेला शब्द मागं घेता येत नाही. आता धुक्याला तुमचा आवाज मिळाला. पोरीला तोच आवाज नेमका खोल घेऊन जाईल."

"कावळा माझ्या शब्दावर शिवला, उपाध्ये. तुमच्या नाही."

"पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे ही!"

"आणि पिढ्यान्‌पिढ्या किती परत आले? सांगा की. एखादा तरी?"

उपाध्ये खाली वाकून दर्भ गोळा करायला लागले. आबासाहेब माझ्याकडे वळले. रीत मोडून ते थेट माझ्याशीच बोलले. "तुंगा, अजून वेळ गेलेली नाही. नको म्हण. तुला कुणी नावं ठेवणार नाही. तिकडं वाट भुललीस तर आम्ही दोघं जगायचं कसं?"

मी त्यांच्याकडे बघितलं, मेण्याकडे बघितलं. मेण्यात मऊ गादी होती, पाण्याचा तांब्या होता, मला आवडतात म्हणून ठकूबाईनं करंज्यांचा डबासुद्धा ठेवला होता. त्या क्षणी मला त्या मेण्यात बसावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू? खूप वाटलं. खाली जाऊन आईच्या आवाजानंच माझा घात झाला तर?

पण मी उठले आणि म्हणाले, "आईसाहेब, मोठ्यानं मारा हं हाका. मी झोपेतून एका हाकेला उठत नाही, तुम्हाला माहीत आहे." मेलेली मुलगी बोलली म्हणून भोई चार पावलं मागं सरले.

मी निघाले तेव्हा शेतात भात हिरवंगार, नुकतं पोटरीला आलं होतं.

धुक्याबद्दल काय सांगू! आत पाऊल टाकलं आणि आधी बारीकसारीक आवाज गेले. पायाखालचा पाला वाजेना, माझाच श्वास मला ऐकू येईना. मी उतरत राहिले. उतार आहे तोवर वाट बरोबर, एवढंच धरून ठेवलं होतं. माणसं दिसायची. कुणी उभी, कुणी हळूहळू चालणारी, डोळे उघडे पण नजर कशावर नाही. एका बाईच्या डोक्यावर अजून गवताचा भारा होता. मी तिला हात लावला तर तिनं हसून मला विचारलं, "बाजार कुठं गं?" आणि उत्तर ऐकायला न थांबता पुढं गेली. मी प्रत्येक पुरुषाचं तोंड न्याहाळत होते. दादा त्यांत नव्हता.

हळूहळू माझंही सुटायला लागलं. आधी ठकूबाईचं नाव गेलं. मग गडाचं. मी आपली बडबडत होते, मी तुंगा, मी तुंगा, आणि थोड्या वेळानं त्या शब्दाचा अर्थ काय ते कळेना. हाताला दगडी खांब लागला, वर दोर लागला. मी तो ओढला. कशासाठी ओढायचा हेही तेव्हा आठवत नव्हतं, पण हात त्यासाठीच आले होते.

घंटा वाजली आणि सगळी दरी हादरली. धुकं एकदम दाट झालं आणि वरून खाली दाबायला लागलं. ते बसत होतं, आणि मी तळाशी होते.

तेवढ्यात डावीकडून हाक आली. "तुंगा, बाळ, इकडे ये. दमलीस ना? ये, माझ्याजवळ बस."

आईसाहेबांचा आवाज. स्वच्छ, गोड, मी लहान असताना होता अगदी तसा. माझे पाय वळले. त्या आवाजाबरोबर माझं नाव परत आलं, म्हणून मी अर्धी रडत होते. पाऊल टाकणार, तोच उजवीकडून, कुठून तरी फार वरून, दुसरा आवाज आला.

"तुंगेऽऽ! अगं ए तुंगेऽऽ! कुठं कडमडलीस मेले!"

घोगरा, फाटलेला, ओळखू न येणारा. मधेच तो अडकला आणि खोकायला लागला.

"तुंगा, तिकडे नको जाऊ हं," डावा आवाज मायेनं म्हणाला. "ते धुकं आहे. तुला फसवतंय. उपाध्यांनी सांगितलंय ना? माझ्याकडे ये, राणी."

मी जागच्या जागी उभी राहिले. दोन्हीकडून आई बोलावत होती, आणि एक चुकलं की संपलं. डाव्या आवाजाला सगळं माहीत होतं. माझं हरीण, माझी पैठणी, लहानपणी मी कुठून पडले होते ते. त्याचं काहीच चुकत नव्हतं. उजवा आवाज मात्र नुसता "तुंगे, तुंगे" करत होता, मधेच "अगं जेवण निवतंय" म्हणत होता, पुन्हा खोकत होता. खोकून खोकून दम लागला तरी थांबत नव्हता.

आईसाहेब मला बाळ म्हणाल्याचं मला आठवेना. राणी तर कधीच नाही. आणि मुख्य म्हणजे, धुक्याचा घसा कशाला बसेल?

मी उजवीकडे वळले आणि धावले. मागचा आवाज गोडपणा सोडून किंचाळायला लागला, तेव्हा उरलीसुरली शंका गेली. चढाला हातानं धरून, गुडघे फोडून घेत मी वर चढले. वाट दिसत नव्हती. हाक यायची त्या दिशेनं पाय टाकायचा, ती थांबली की थांबायचं. कधी कधी ती इतका वेळ थांबायची की माझं नाव पुन्हा निसटायला लागायचं. मग ती यायची, आधीपेक्षा बारीक, आधीपेक्षा फाटकी.

धुक्यातून डोकं बाहेर निघालं तेव्हा आधी दिसलं ते शेत. भात पिवळं होऊन कापणीला आलं होतं. मला वाटलं होतं अर्धा दिवस गेला असेल.

शिवेच्या दगडावर आईसाहेब उभ्या होत्या. मी जाताना त्यांच्या अंगावर होतं तेच लुगडं, केस विस्कटलेले, गाल आत गेलेले. त्यांच्यामागं आबासाहेब, ठकूबाई, उपाध्ये, वाड्यांमधली सगळी माणसं, तोंडं घट्ट मिटून. एवढे दिवस त्या एकट्याच ओरडत होत्या. मला बघून त्या खाली आल्या, माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, आणि एक सणसणीत थप्पड मारली. मग मला छातीशी धरलं. मी लहान मुलीसारखा हंबरडा फोडला.

"आलीस," त्या म्हणाल्या. आवाज नव्हताच, नुसता वारा निघत होता.

"आले, आईसाहेब. घंटा वाजवली. बघा, धुकं बसतंय."

त्या धुक्याकडे बघत होत्या, पण आनंदानं नाही. माझ्या कानाशी तोंड आणून त्या म्हणाल्या, "भैरूला मी हाक मारली नव्हती गं. मारू नका म्हणाले, म्हणून नाही मारली. घरात बसून राहिले."

मग त्या वळल्या, दगडावर चढल्या आणि तोंड उघडलं. काहीच निघालं नाही. पुन्हा उघडलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि नुसती हवा बाहेर आली. धुकं डोळ्यांदेखत खाली चाललं होतं, आणि त्याच्याबरोबर आतली सगळी माणसं.

मी त्यांच्या शेजारी चढले. "दादाऽऽ! भैरूदादाऽऽ!"

मागं गलका झाला. "नाव घेऊ नका!" असं कुणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य अर्ध्यावर असतानाच आबासाहेबांचा आवाज फुटला, "भैरूऽऽ! ए भैरूऽऽ!" आणि मग शिवेवरची सगळी माणसं पुढं आली. जिची बहीण गेली होती ती बहिणीला, ज्याचा बाप गेला होता तो बापाला. वर्षानुवर्षं न घेतलेली नावं. उपाध्ये एका बाजूला उभे होते. थोड्या वेळानं मी बघितलं तर तेही कंबरेत वाकून कुणाला तरी हाक मारत होते.

गवताचा भारा डोक्यावर घेतलेली ती बाई आधी बाहेर आली. मग आणखी काही आली. पुष्कळ आलीच नाहीत.

दादा आला तेव्हा उन्हं उतरली होती आणि धुकं गुडघ्याएवढं उरलं होतं. दाढी छातीपर्यंत वाढलेली. "भैरू, भैरू," असं पुटपुटत तो चालत आला आणि आमच्यासमोर येऊन थांबला. तेवढं एकच नाव त्याच्याजवळ होतं, कारण कानावर तेच पडत होतं. बाकी सगळं आतच राहिलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आबासाहेबांकडे पाहिलं. मग त्याच्या पायांशी बसून त्याचे पाय पुसणाऱ्या आईसाहेबांकडे पाहिलं, आणि अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही कोण?"

आईसाहेबांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

म्हणून मी सांगितलं, "दादा, ही आपली आई."